ढोली, डिपर आणि सुखदेवचं बोट

१९७२ साल. माझं वय सदतीस. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात आवाजातलं माझ्याएवढं कोणालाच कळत नाही असं तेव्हा माझं मत होतं, आणि ते मी कोणी न विचारता सांगत असे. शाळा माझी चौथीपर्यंत. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आजही येत नाही. रेझिस्टर नावाच्या बारक्या भागावर त्याचं माप सांगणारे रंगीत पट्टे असतात, ते मी बांगड्यांवरून पाठ केले. माझी बायको यशोदा बांगड्या भरायला बसली की मी शेजारी बसून रंग घोकायचो. कासारीण म्हणायची, बाई, तुमचा नवरा चांगला हाये, बांगड्यांत इतका जीव कोणाचा नसते.

छप्पन सालापासून माझा धंदा भोंग्यांचा. लग्न, सभा, सप्ताह, शारदा उत्सव, सगळीकडे माझे भोंगे. ज्यांनी हा धंदा जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भोंगा म्हणजे पत्र्याचं धोतऱ्याचं फूल. त्याच्या देठाशी एक डबी असते, तिला युनिट म्हणतात. युनिटच्या आत कांद्याच्या सालीसारखा पातळ पडदा असतो. तो थरथरला की भोंगा बोलतो. भोंग्याची परीक्षा एकच, ती म्हणजे पोच. मी भोंगा बांबूवर चढवला की एक माणूस दूर बांधावर पाठवायचो. आवाज पोचला की त्यानं दुपट्टा हलवायचा. दुपट्टा नाही हलला तर भोंगा आणखी वर.

पण भोंग्याला जाड आवाज सोसत नाही. ढोलाचा ठोका सरळ युनिटमध्ये गेला की पडदा फाटतो. म्हणून आम्ही युनिटच्या दारात एक छोटा कंडेन्सर जोडतो, चिंचोक्याएवढा. तो पहारेकरी. बारीक आवाजाला आत सोडतो, जाड आवाजाला दारातून परत पाठवतो. या पहारेकऱ्याला ध्यानात ठेवा.

गिऱ्हाइकं एकेक नमुने भेटली. राजेगावच्या एका वरबापानं चारही भोंगे भावाच्या घराकडे तोंड करून लावायला लावले. भावाशी बोलणं बंद होतं. म्हणाला, त्याले पत्रिका देल्ली नाई, पण आयकू तर जाऊ दे. लामत्याला एका सभेत पुढाऱ्याचं भाषण ऐन भरात बंद पडलं. त्यानं विरोधी पक्षावर आळ घेतला, लोक उठून उभे राहिले. मी वायरमागे चालत गेलो तर एक बकरी बसून वायर चघळत होती. बकरी कोणत्या पक्षाची ते मी सांगू शकलो नाही.

तर अशा माझ्याकडे सुखदेव आला.

सुखदेव आमच्याच वार्डातला, पंचवीस वर्षांचा, मुकाट स्वभावाचा. दिवसा राइस मिलमध्ये पोत्यांवर निशाणी मारायचा आणि सणासुदीला तिवारी मास्टरच्या ऑर्केस्ट्रात खुळखुळा वाजवायचा. चार वर्षं त्यानं मागे उभं राहून खुळखुळा हलवला. मास्टर माइकवर सगळ्यांची नावं घ्यायचे, खुळखुळ्यावाल्याचं घ्यायचे नाहीत. त्याची आई दर वेळी पुढे बसायची आणि नाव न ऐकताच घरी जायची. नागपूरला कोणती तरी ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली, तिथून यानं एक गिटार उचलून आणली. ती काखोटीला मारून माझ्या दुकानात उभा राहिला.

मी पाहिलं तर तारा चारच.

"बाकीच्या दोन कुठं पडल्या गा?"

"याले चारच रायतात, भाऊ. हा बेस गिटार हाये. जाड आवाजाचा."

त्यानं मला समजावून सांगितलं. ऑर्केस्ट्रात बेस म्हणजे घराचं जोतं. पाहायला आलेला माणूस भिंती पाहतो, रंग पाहतो, जोत्याकडे कोणी पाहत नाही. पण ते नसलं तर गाणं हलतं. मला हे पटलं, कारण माझंही काम तसंच, बंद पडलं तरच लोकांना आठवतं.

अडचण अशी की या गिटारीला स्वतःचा आवाज नाही. तारा छेडल्या तर डास गुणगुणल्यासारखं. मास्टरनी तिला भोंग्याच्या माइकपुढे धरून पाहिलं होतं आणि म्हणाले होते, यह बाजा दिखता है, सुनाई नहीं देता. नवरात्रात शारदेच्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला तर ठीक, नाही तर खुळखुळा उचल. नवरात्राला तीन आठवडे होते.

मी म्हटलं, एवढंच ना? आणि गिटार माझ्या अँप्लिफायरला जोडून सरळ भोंग्यात सोडली. आवाज आला, पण सर्दी झालेल्या माणसासारखा, नाकातून. पहारेकरी जाड आवाज अडवत होता. मी पहारेकरी काढला. सुखदेवनं सगळ्यात जाड तार ओढली. भोंगा एकदा खोकला आणि गप्प झाला. पडदा फाटला. तेरा वर्षांचा माझा सगळ्यात चांगला भोंगा.

दोष अर्थातच मी गिटारीला दिला. आणि कानाला हात लावला की यापुढे पहारेकऱ्याशिवाय कोणतीच नाजूक जोडणी करायची नाही.

भोंगा गेला तर स्पीकर पाहिजे. टॉकीजमधला एक जुना पंधरा इंची स्पीकर मोडीत निघाला होता. त्याचा कागदी पडदा फाटलेला. मी मलमलीच्या पट्ट्या लावून तो सांधला. पण उघडा स्पीकर ठेवला तर जाड आवाज येईना. पुढून निघालेला आवाज आणि मागून निघालेला आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. मधे आडोसा पाहिजे, पेटी पाहिजे. सुताराकडून पेटी केली, ती स्पीकरपेक्षा जास्त वाजायला लागली. फळ्या थंडीत दात वाजल्यासारख्या कडकड करत. मी पेटी फोडून चुलीला दिली.

तेव्हा माझं लक्ष घरातल्या ढोलीकडे गेलं. आमच्याकडे धान ठेवायला ढोली असते. बांबूच्या कामट्यांची विणलेली, छातीएवढी उंच, आतून बाहेरून माती-शेणानं लिंपलेली. वरून धान भरायचं आणि खाली बुडाशी एक भोक असतं, त्यात चिंधीचा बोळा. बोळा काढला की पाहिजे तेवढं धान खाली येतं. नवरात्रात धान शेतात उभं असतं आणि घरची ढोली रिकामी. तिच्या तोंडावर मी लाकडी कडं बसवून स्पीकर पालथा घातला, सुखदेवला तार ओढायला सांगितली. माती वाजत नाही, कडकडत नाही. आवाज आला, स्वच्छ, पण कोंडलेला.

यशोदा कमरेवर हात ठेवून पाहत होती. तिची ढोली होती ती. ती वाकली आणि सवयीनं बुडाचा बोळा ओढून काढला.

"आत दाणे असन तर झाडून तर घेऊ द्या," म्हणाली.

बोळा निघाला आणि सुखदेवचा पुढचा सूर पायाखालच्या जमिनीतून वर आला. फळीवरची भांडी हलली.  मी बोळा परत लावला, आवाज कोंडला. काढला, आवाज मोकळा झाला. मोठ्या शहरातले लोक स्पीकरच्या पेटीला मुद्दाम असं भोक ठेवतात हे मला दहा वर्षांनी कळलं. त्या दिवशी मात्र मी सगळ्यांना सांगितलं की भोकाची युक्ती माझी. यशोदानं ते ऐकत बुडाचे दाणे झाडून घेतले. आता ती पलीकडे बसून वाल सोलते आहे. तिला वाचता येत नाही आणि नातू फक्त हिंदी वाचतो, म्हणून हा मजकूर मीच तिला वाचून दाखवणार आहे.

आता ढोलीची परीक्षा कशी घ्यायची? दुपट्टा कामाचा नाही, कारण जाड आवाज दूर कानाला कळण्याआधी अंगाला कळतो. मी एक सूप घेतलं, त्यात मूठभर तांदूळ पसरले आणि दूर नेऊन जमिनीवर ठेवलं. सुखदेवनं वाजवलं की तांदूळ सुपात नाचायचे. दाणे नाचले म्हणजे पोच आहे. ही युक्ती खरोखर माझी.

इथंच थांबलो असतो तर बरं होतं. पण मास्टरना एका धुनेत खरखरीत आवाज पाहिजे होता. रेडिओवर विलायती गाण्यांत गिटार घसा बसल्यासारखी बोलते, तसा. आजकाल पायाशी ठेवायच्या अशा डब्या दुकानात मिळतात, दहा तऱ्हेच्या. तेव्हा बालाघाटात त्या कोणी पाहिल्यासुद्धा नव्हत्या. मी खिशात मावणाऱ्या एका रेडिओतले आवाज वाढवणारे दोन ट्रान्झिस्टर काढले, पितळी साबणदाणीत बसवले, एक बॅटरी घातली. आवाज इतका वाढवायचा की तो मावत नाही, त्याचा माथा कापला जातो, आणि कापलेला आवाज खरखरतो. एवढंच त्यातलं इंगित. बटण एकच ठेवलं, आणि तेही जास्तीच्या बाजूला फिरवून.

पण वाजवताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे चालू-बंद पायानं व्हायला पाहिजे. जब्बारभाईंच्या आवारात एक मोडकी जीप पडली होती. जब्बारभाई ट्रक चालवत, बांबू वाहून नेत. जुन्या गाड्यांत डिपरचं बटण खाली पायाशी असायचं. एकदा दाबलं की दिवे लांब, पुन्हा दाबलं की खाली. मला तेच पाहिजे होतं. ते काढून साबणदाणीवर बसवलं. एकदा दाबा, खरखर. पुन्हा दाबा, साधा आवाज. सुखदेव तिला डिपरच म्हणू लागला. मी त्या डबीत, खरखरीच्या वाटेच्या दारात, कानाला हात लावला होता म्हणून, एक छोटा कंडेन्सरही जोडला.

वाजवून पाहिलं. काय आवाज तो. म्हशीच्या गळ्यात वाघ. मी खूश.

सुखदेवनं दोनदा दाबलं, दोनदा सोडलं.

"भाऊ, दाबलं का वजन जाते."

"वजन काय जाते? खरखर आयकू येते का नाई?"

"खरखर येते. खालचं जाते."

"तुह्या कानात मळ हाये."

त्यानं पुन्हा विषय काढला नाही. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, वर माझा मान ठेवणारा. मी सोळा वर्षांचा अनुभव सांगितला की समोरचा गप्प बसायचा, आणि गप्प बसला म्हणजे त्याला पटलं असं मी धरून चालायचो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम. ढोली हातठेल्यावर घालून आणली, लोक रस्त्यात विचारत होते की नामदेवभाऊ, धान इकून राह्यले का ढोली? मी शेवटच्या बाकावर सूप ठेवलं आणि मास्टरना मुद्दाम जवळ बोलावलं. सुखदेवनं साधं वाजवलं. तांदूळ नाचले. मास्टर वाकून पाहत राहिले, खूश झाले. मग ती धून आली. सुखदेवनं डिपर दाबला.

तांदूळ थांबले.

एक दाणा हलेना. खरखर कानाला येत होती, ढोलक आणि अकॉर्डियनच्या आवाजात तीही विरत होती, आणि खालून गाण्याचं जोतं कोणी काढून घेतल्यासारखं झालं. माझी परीक्षा, माझं सूप, माझे तांदूळ. मी म्हटलं, तांदूळ जाड आहेत. ढोलीमागे आलेल्या यशोदानं बारीक तांदूळ आणून टाकले. तेही थांबले. मास्टरनी माझ्याकडे पाहिलं. सगळी पार्टी पाहत होती.

आणि मी म्हटलं, "डबी बराबर हाये. याचं बोट कच्चं हाये."

हे लिहिताना आजही पेन थांबतो. सुखदेवनं वर पाहिलं नाही. फडक्यानं चारही तारा पुसल्या, एकेक करून. मास्टर म्हणाले, कच्ची उंगली से जोखिम नहीं लूँगा, कल तुम खुळखुळा ही पकड़ो. वह एक धुन बजा लेना, बस, वह भी इसलिए कि भाऊ ने मेहनत की है. म्हणजे माझ्यासाठी. त्याच्यासाठी नाही.

संध्याकाळी जब्बारभाई दुकानावर आले. त्यांचा डिपर कुठे बसवला ते पाहायला. मी दाखवलं. त्यांनी बुटानं दाबून पाहिला, हसले, आणि विचारलं की हे कधी दाबायचं. मी सांगितलं, धून सुरू झाली की दाबायचं आणि संपेपर्यंत ठेवायचं.

"नामदेवभाई, फुल लाइट सूनी सड़क के लिए होती है," ते म्हणाले. "सामने से कोई आया तो नीचे करो. नहीं तो दोनों अंधे."

ड्रायव्हर लोकांना वाटतं सगळी दुनिया घाटातून चालली आहे. तोंडावर मी तसं म्हटलंही. पण ते गेल्यावर साबणदाणी उघडून बसलो. एक वायर धरली आणि डिपर दाबल्यावर गिटार खरखरीच्या वाटेला लागते तिथून पुढं पुढं बोट फिरवत गेलो. पहिल्याच पावलावर तो बसला होता. चिंचोक्याएवढा. माझा पहारेकरी. भोंग्याची सवय मी बेसच्या दारात उभी केली होती. जाड आवाज येई, तो त्याला परत पाठवी. चार वर्षं खुळखुळा हलवून त्या माणसानं जाड आवाज मिळवला होता आणि मी त्याला दारातून हाकललं होतं.

सकाळी मी तो काढला, जागी मोठा कंडेन्सर घातला, आणि साधा आवाजही खरखरीसोबत चालत राहील अशी एक वेगळी वाट जोडून दिली. सुखदेव मिलवर होता, तिथं जाऊन डबी त्याच्या हातात दिली.

"बॅटरी कमजोर होती," मी म्हटलं. "बदलली."

"हौ," तो म्हणाला.

वर एवढंही सांगितलं की गाणारा गायला लागला की डिपर खाली घे, मधली जागा रिकामी असली की फुल मार. हेही जब्बारभाईंचं नाव न घेता.

शारदेच्या मैदानात दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. सुखदेव मागे खुळखुळा घेऊन उभा. मी सूप घेऊन शेवटच्या रांगेत गेलो. तिथं एक म्हातारी जमिनीवर बसली होती, मिलमधली जुनी बाई. तिच्यापुढे सूप ठेवलं तर तिनं विचारलं, "निवडाचे हायेत का?" आणि उत्तराची वाट न पाहता खडे काढायला बसली. मी म्हटलं, आजी, हात लावू नका, नुसतं पाहा. ती म्हणाली, तांदूळ पाहाले आलो का आपुन, गाने आयकाले?

मग ती धून आली. सुखदेवनं खुळखुळा खाली ठेवला आणि गिटार गळ्यात घातली. पहिला सूर मला मांडीत लागला. सुपातले दाणे उभे राहिले. त्यानं डिपर दाबला.  खरखर आली आणि दाणे नाचतच राहिले, उलट आणखी उंच. पार्टीतली गाणारी बाई पुढे आली, त्यानं डिपर खाली घेतला, तिचा आवाज स्वच्छ वर गेला. ती थांबली, त्यानं फुल मारला. समोरून गाडी आली की खाली, रस्ता मोकळा की वर. एकदाही चुकला नाही.

म्हातारीनं सूप दोन्ही हातांनी धरलं.

"अवं माय," ती शेजारणीला म्हणाली, "तांदूळ जिते झाले."

धून संपली तेव्हा लोकांनी ती पुन्हा मागितली. पुन्हा झाली. मग मास्टर माइकवर आले आणि चार वर्षांत पहिल्यांदा सुखदेवचं नाव घेतलं. त्याची आई पुढे बसली होती, ती उभी राहिली. इथं मास्टरनी हसत हसत पुढची ओळ टाकली. म्हणाले, कल तक इसकी उंगली कच्ची थी, हमारे नामदेवभाऊ ने एक रात में पक्की कर दी. सगळं मैदान हसलं, टाळ्या वाजवल्या. त्याची आई उभी होती तशीच खाली बसली. भोंगे माझेच होते. एकूण एक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला.

लोकांनी मला हार घातला. मी घालून घेतला. सुखदेवनं वाकून नमस्कार केला, तोही घेतला. ढोली घरी नेताना यशोदा हातठेल्याला मागून हात लावून चालत होती. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "बॅटरी म्या पायली होती. नवीन होती." 

दुसऱ्या दिवशी सकाळी, मिलचा भोंगा व्हायच्या आधी, मी सायकल काढली. स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर तिवारी मास्टर आणि त्यांची पार्टी कौतुक ऐकायला जमत असे. सुखदेवही होता, बाकाच्या टोकाला. मी आधी त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईला म्हटलं, चला माझ्यासंगं, आणि तिला सायकलशेजारून चालवत टपरीवर आणलं. मास्टर म्हणाले, आइए भाऊ, बैठिए. मी बसलो नाही. खिशातून तो चिंचोक्याएवढा कंडेन्सर काढला, मास्टरच्या कपाशेजारी ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढून सांगितलं की बोट पहिल्या दिवसापासून पक्कं होतं, कच्चा हा होता, आणि तो मी बसवला होता.